मेघबिबळ्या आणि त्याचा पिंजरा

इ. स. १८२१ मध्यें एडवर्ड ग्रिफिथ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें एका अपरिचित श्वापदाचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि त्याला 'फेलिस नेब्युलोसा' असें नांव दिलें. हें श्वापद त्याला रानांत आढळलेलें नव्हतें. लंडन शहरांत एक्सेटर एक्स्चेंज नांवाची एक इमारत त्या काळीं होती; तेथें पैसे घेऊन लोकांस प्राणी दाखवीत. चीन देशांतून जिवंत आणलेला हा प्राणी तेथेंच ठेवलेला होता. म्हणजे विद्वानांशीं त्याची पहिली ओळख झाली ती पिंजऱ्याच्या गजांतून. पुढें दोनशें वर्षें लोटलीं, तरी त्याच्याविषयीं जें कांहीं निश्चित ज्ञान आज उपलब्ध आहे, त्यांतील बराच भाग पिंजऱ्यांतच मिळालेला आहे. आणि तें मिळवितांना माणसांच्या हातून ज्या चुका घडल्या, त्यांचें प्रायश्चित्त त्या मुक्या जनावरास भोगावें लागलें. तो वृत्तांत वाचकांस सांगावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. संस्कृताच्या जुन्या शिक्षकाला तेवढी सवलत वाचक देतीलच. लॅटिन भाषेंतील 'नेब्युला' म्हणजे धुकें अथवा ढग. आपल्या 'नभस्' शब्दाचा हा चुलतभाऊ होय. आपल्या पूर्वजांनीं बिबळ्याला 'द्वीपी' म्हटलें, कारण त्याच्या अंगावरचे ठिपके त्यांना पाण्यांतील बेटांसारखे दिसले. ग्रिफिथला बेटांच्या जागीं ढग दिसले, आणि तेंहि यथार्थच आहे. पिवळसर करड्या कातडीवर मोठमोठे पट्टे, प्रत्येकाची मागची कड काळी आणि आंतला भाग फिका. पावसाळ्याच्या आरंभीं आभाळ भरून यावें तसे ते दिसतात. इंग्रजींत याला 'क्लाउडेड लेपर्ड' म्हणतात. या लेखापुरतें आम्ही त्याला मेघबिबळ्या म्हणूं. मलायी लोक मात्र याला 'हरिमाउ दाहान' म्हणजे 'फांदीवरचा वाघ' म्हणतात. युरोपीय पंडितानें कातडी पाहून नांव ठेवलें, मलायी शेतकऱ्यानें राहणी पाहून ठेवलें. आमच्या मतें दुसरें नांव अधिक अन्वर्थक आहे, आणि त्यांत सांगितलेली गोष्ट प्राणिसंग्रहालयांच्या चालकांनीं आरंभापासून ध्यानांत ठेविली असती, तर पुष्कळ अनर्थ टळला असता.

हा प्राणी आमच्या सह्याद्रींत नाहीं. नेपाळ व भूतानपासून ईशान्य भारत, ब्रह्मदेश, थायलंड व मलायापर्यंत आणि दक्षिण चीनच्या अरण्यांत त्याचा वास आहे. मेघालयानें त्याला आपला राज्यप्राणी मानलें आहे. मेघांच्या आलयांत मेघबिबळ्या, हा योग जुळून आला खरा. बोर्निओ व सुमात्रा बेटांवरील प्राणी निराळ्या जातीचे आहेत, असें २००६ सालीं शास्त्रज्ञांनीं ठरविलें. तैवान बेटावरून तो नाहींसा झाल्याचें २०१३ सालीं जाहीर झालें.

नांवांत बिबळ्या असला तरी हा आपल्या बिबळ्याचा सख्खा भाऊ नव्हे. वाघ, सिंह, बिबळ्या यांच्या घराण्यापासून याची शाखा फार प्राचीन काळीं वेगळी निघाली. वजन अकरा ते तेवीस किलो, म्हणजे एखाद्या धष्टपुष्ट गांवठी कुत्र्याइतकें. नर मादीच्या जवळजवळ दुपटीचा असूं शकतो. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे. पाय आंखूड, पंजे रुंद, आणि शेपूट जवळजवळ धडाइतकें लांब. डोंबाऱ्याच्या हातांतील काठीप्रमाणें तोल सांवरण्यास तें उपयोगी पडतें. मागच्या पायांचे घोटे असे फिरतात कीं, खारीप्रमाणें खालीं डोकें करून तो झाडावरून उतरतो, फांदीच्या खालच्या बाजूनें उलटा चालतो, आणि प्रसंगीं मागच्या पायांवर लोंबकळत पुढचे दोन्ही पंजे मोकळे ठेवूं शकतो. आमच्या आळींतील मांजर माडावर ऐटीनें चढतें आणि उतरतांना केविलवाणें ओरडतें. हा त्याचा दूरचा आप्त त्या विद्येंत पारंगत आहे.

दांतांविषयीं तर विशेषच सांगावयास हवें. कवटीच्या मानानें पाहतां एवढे लांब सुळे आज हयात असलेल्या कोणत्याहि मार्जारवंशीय प्राण्यास नाहींत. जबडाहि त्या मानानें विलक्षण उघडतो. सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं नष्ट झालेल्या खड्गदंती वाघांशीं याची तुलना विद्वान् करतात ती यामुळेंच. डरकाळी मात्र त्याला फोडतां येत नाहीं. ओळखीचा प्राणी अथवा माणूस भेटला म्हणजे तो नाकांतून हलकेच फुरफुरतो. वाघहि असाच फुरफुरतो. माकडें, पक्षी, साळिंदरें, लहान हरणें हें त्याचें भक्ष्य. शिकार बहुधा रात्रीं, आणि वृत्ति अतिशय लाजरी. त्यामुळें अरण्यांत जन्म घालविलेल्या माणसांनाहि त्याचें दर्शन क्वचितच घडतें.

असा हा एकलकोंडा प्राणी पिंजऱ्यांत आला. चालकांनीं काय करावें? एक नर व एक मादी आणून एकत्र ठेवावीं, म्हणजे यथाकाल पिलें होतील, हा सरळ हिशेब. वाघसिंहांच्या बाबतींत तो बहुधा जमतो. येथें तो भयंकर रीतीनें चुकला. वयांत आलेला नर व वयांत आलेली मादी यांची गांठ घालून दिली कीं, कित्येकदां नर मादीच्या मानेचा किंवा डोक्याचा असा चावा घेई कीं, ती जागच्या जागीं गतप्राण होई. दुपटीचें वजन आणि ते सुळे. रखवालदार धांवत येईतों सर्व आटोपलेलें असे. अनेक संग्रहालयांत हें पुनःपुन्हां घडलें.

उपाय सांपडला तो असा कीं, नर व मादी यांना पिलूं असतांनाच, वर्ष भरण्यापूर्वीं, एकत्र आणावें व बरोबर वाढूं द्यावें. लहानपणापासूनचा सोबती असला म्हणजे नर मादीवर सहसा उलटत नाहीं. वाचकांच्या ओठांवर हसूं आलेलें आम्हांस दिसतें आहे. १९२९ सालीं शारदा कायद्यानें बालविवाहास आळा घातला, आणि इकडे मोठमोठे पंडित तोच मार्ग श्वापदांना लावीत आहेत! परंतु यांतून मनुष्यांविषयीं कोणीं निष्कर्ष काढूं नये. रानांतला मेघबिबळ्या असा विवाह करीत नाहीं. तेथें मादीला नको असेल तर दूर निघून जातां येतें. पिंजऱ्यांत तिला निघून जावयास जागा नसते. दोष वयाचा नव्हे, भिंतींचा आहे.

अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत फ्रंट रॉयल येथें वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाचें संवर्धनकेंद्र आहे. १९७८ पासून तेथें या प्राण्याचा अभ्यास चालला. तरीहि मध्यंतरीं सोळा वर्षें एकहि पिलूं जन्मलें नाहीं. २००९ च्या मार्चमध्यें तेथें दोन बछडे झाले, तेव्हां त्यांचे आईबाप थायलंडांतील खाओ खिओ संग्रहालयांतून आणलेले, असेच लहानपणापासून एकत्र वाढलेले होते. ज्यांची जोडी जमतच नाहीं, त्यांच्यासाठीं कृत्रिम गर्भधारणेचा प्रयत्न झाला. टेनेसी प्रांतांतील नॅशव्हिल येथें १९९२ सालीं त्याला प्रथम यश आलें. आणि १ मार्च २०१७ रोजीं, वॉशिंग्टन येथील नराचें गोठवून ठेवलेलें वीर्य वापरून, त्याच नॅशव्हिलमध्यें एक बछडा जन्मास आला. शेंकडों मैलांचें अंतर, आईबापांची दृष्टादृष्टहि नाहीं, आणि मादीच्या जिवाला धोका नाहीं.

परंतु पिलूं जन्मलें म्हणजे संपलें असें नाहीं. गर्भधारणेपासून सुमारें तीन महिन्यांनीं दोनतीन पिलें होतात. आई घाबरट असेल, आसपास गडबड असेल, तर ती त्यांना टाकते, क्वचित् मारतेहि. म्हणून पुष्कळ ठिकाणीं पिलें आईपासून वेगळीं करून बाटलीनें दूध पाजून वाढवितात. पिलें जगतात, माणसाळतात, पुढें जोडी जमविणेंहि सोपें जातें. तथापि ज्या मादीनें आई पाहिलीच नाहीं, ती उद्यां आई कशी होणार, हा प्रश्न राहतोच. आणि त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांला तरी कोठें वाचावयास मिळालें नाहीं.

मग ही भीति, हा घाबरटपणा येतो कोठून? याचा शोध मोठ्या युक्तीनें लावला गेला. भयाच्या व तणावाच्या वेळीं शरीरांत एक विशिष्ट अंतःस्राव वाढतो, आणि त्याचे अवशेष विष्ठेंत सांपडतात. रक्त काढण्यासाठीं जनावराला पकडलें तर तें पकडण्यानेंच घाबरणार. विष्ठा तपासण्यांत ती अडचण नाहीं. उत्तर अमेरिकेंतील अनेक संग्रहालयांतून असे नमुने गोळा करून तपासले गेले, आणि २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचे पिंजरे उंच, त्यांच्यांत तणाव कमी आढळला. जे प्रेक्षकांच्या नजरेसमोर ठेवलेले, किंवा ज्यांना शेजारच्या पिंजऱ्यांतील मोठीं हिंस्र श्वापदें दिसत, त्यांच्यांत अधिक. आणखी एक गोष्ट फार मार्मिक आहे. सांभाळणारीं माणसें जितकीं जास्त, तितका तणाव जास्त. मात्र मुख्य सांभाळणारा एकच माणूस त्यांच्या सहवासांत जितका अधिक वेळ घालवी, तितका तो कमी. आमच्यासारख्या मोठ्या कुटुंबांत तान्हें मूल दहा जणांच्या कडेवरून फिरतें, आणि अखेर एका ठराविक आजीच्या वा काकूच्या खांद्यावर गेल्याखेरीज निजत नाहीं. घरोघरच्या गृहिणींना हा निष्कर्ष नवा वाटणार नाहीं.

ज्या जनावरांच्या वांट्याला असा सांभाळ येत नाहीं, तीं एकाच रेषेंत येरझारा घालतात, दिवसभर लपून बसतात, किंवा स्वतःच्याच अंगावरचे केस उपटतात, शेपूट चावून रक्तबंबाळ करतात. म्हणून आतां जाणते चालक या प्राण्याला जमिनीपेक्षां उंची अधिक देतात. आडव्या फांद्या, वर निजावयास फळ्या, आणि कोणाच्या दृष्टीस न पडतां बसतां येईल अशा पेट्या ठेवतात. येथें आमची एक तक्रार आहे. सुटींत मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयांत गेलेलीं सुशिक्षित मंडळीहि पिंजरा रिकामा दिसला कीं गज वाजवितात, शिट्ट्या घालतात, आणि 'पैसे फुकट गेले' म्हणून रखवालदारावर रागावतात. ज्या पिंजऱ्यांत मेघबिबळ्या दिसत नाहीं, तेथें त्याची व्यवस्था बहुधा चांगली ठेवलेली असते. मुलांना हें समजावून सांगितलें तर समजतें, असा आमचा अनुभव आहे. मोठ्यांचें सांगवत नाहीं.

आपल्याकडे त्रिपुरांत आगरतळ्याजवळ सिपाहीजला येथें हा प्राणी पाळला जातो, आणि तेथील अरण्याच्या एका भागास २००७ पासून त्याच्याच नांवाचें राष्ट्रीय उद्यान केलेलें आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्याला सर्वांत कडक संरक्षण मिळतें. तरीहि जंगल तुटतें, झाडांमधील अंतर वाढतें, आणि कातडीच्या लोभानें फांस लागतातच. आई मारली गेली कीं बछडे गांवकऱ्यांच्या हातीं येतात. २००९ सालीं आसामांतील कोक्राझार भागांत असे दोन बछडे सांपडले. त्यांना संग्रहालयांत कायमचें ठेवण्याऐवजीं वनखातें व भारतीय वन्यजीव न्यास यांच्या लोकांनीं निराळाच प्रयोग केला. रानाच्या काठीं त्यांना ठेवलें, सांभाळणारा माणूस रोज त्यांना बरोबर घेऊन झाडींत हिंडवून आणी, आणि हळूहळू तीं रानाला सरावलीं. मग २०१० सालीं गळ्यांत रेडिओचे पट्टे बांधून त्यांना मानस अभयारण्याच्या परिसरांतील अरण्यांत मोकळें सोडण्यांत आलें.