खाण्यासाठी शिकार करायची, तर कोणती एअर रायफल घ्यावी?

सैन्यातून माणूस निवृत्त होतो, पण लोकांच्या लेखी त्याची बंदूक काही निवृत्त होत नाही. इथे कोलकात्यातली आपली मराठी मंडळी भेटोत की नांदेड-बेळगावकडून कुणाचा फोन येवो, एक प्रश्न ठरलेला असतो. "कर्नलसाहेब, एअर रायफलला लायसन लागत नाही म्हणतात. गावाकडे शेतात ससे आहेत, लावे आहेत. विकायचं नाही, घरी खाण्यापुरतंच मारायचं. कोणती घेऊ?"

सरळ उत्तर आधी देतो. भारतात या कामासाठी कोणतीच घेऊ नका. पण एवढ्यावर भाग संपवला तर तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचाराल, आणि तो दुकानदार असला तर तुम्हाला हवे तेच सांगेल. म्हणून जरा खोलात जाऊ.

सगळा घोटाळा होतो तो दोन कायदे एकात मिसळल्यामुळे. एक कायदा बंदुकीचा, दुसरा जनावराचा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

बंदुकीचा कायदा म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे २०१६ चे नियम. ज्या एअर रायफलची नळी .१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी नाही आणि जिची मुखऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नाही, तिला परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. एकही ओलांडली की परवाना आला. त्यामुळे .२२ ची, साडेपाच मिलिमीटरची एअर रायफल कुणी 'बिनलायसनची आहे, न्या बिनधास्त' म्हणून पुढे करत असेल, तर त्या दुकानाच्या पायऱ्या उतरा.

मुखऊर्जा म्हणजे नळीच्या तोंडातून बाहेर पडताना छर्र्यात असलेला जोर. छर्र्याचे वजन आणि वेग यांवरून तो काढतात. साडेचार मिलिमीटरचा साधा छर्रा अर्ध्या ग्रॅमहून थोडा जड असतो. तो सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगाने सुटला की २० ज्यूल भरतात. तुलना हवी असेल तर आमची इन्सास घ्या, जी इथून जवळच इछापूरच्या कारखान्यात बनत असे. तिच्या गोळीत सोळाशे ज्यूलच्या आसपास जोर असतो. म्हणून एअर रायफलला लोक खेळणे समजतात. पण २० ज्यूलचा छर्रा डोळा फोडतो, कवटीच्या पातळ हाडातून आत जातो आणि चुकला तर दोन-तीनशे मीटर पुढे जाऊन पडतो. सॉल्ट लेकमधल्या गच्चीवरून तीनशे मीटरच्या आत किती बाल्कन्या येतात ते मोजून पाहा.

आता जनावराचा कायदा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम. यातले कलम ९ शिकारीला बंदी घालते, आणि ते 'कशाने मारले' हे विचारतच नाही. रायफल, फासा, जाळे, बेचकी, विष, सगळे एका रांगेत. 'शिकार' या शब्दाची व्याख्याही मोठी आहे. मारणे तर आलेच, पण जखमी करणे, पकडणे, हाकारा घालणे आणि यातल्या कशाचा नुसता प्रयत्न करणे हेसुद्धा शिकारच. म्हणजे नेम चुकला आणि ससा पळाला, तरी तुमचा गुन्हा पळत नाही.

"पण ससाच तो, वाघ थोडाच आहे?" हे मी फार ऐकतो. पूर्वी ससा, लावा, तितर ही मंडळी चौथ्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने मांडल्या, १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या, आणि ही मंडळी आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला. तिथे कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात. शिवाय ज्या रायफलने मारले ती आणि ज्या मोटरसायकलवरून गेलात ती सरकारजमा होऊ शकते. याच दुरुस्तीने कावळा, उंदीर, वटवाघूळ यांची जुनी 'उपद्रवी' यादीही काढून टाकली. तेव्हा जुन्या पुस्तकात वाचलेले किंवा आजोबांकडून ऐकलेले आज चालणार नाही.

कुणी म्हणेल, महाराष्ट्रात पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराला आणि रोह्याला मारायची परवानगी मिळते ना? मिळते, वनखात्याकडे रीतसर अर्ज करून, त्या कारणासाठी, त्या हद्दीपुरती. पण कलम ३९ वाचा. परवानगीने मारलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता असतो. ताटात वाढून घ्यायची सोय तिथेही नाही. आणि साडेचार मिलिमीटरच्या छर्र्याने रानडुकराला मारायला जाणे म्हणजे त्याला चिडवायला जाणे.

मी ज्या शहरात राहतो त्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. आज जिथे आमचे सॉल्ट लेक आहे तिथे पूर्वी खाऱ्या पाण्याच्या दलदली होत्या आणि कलकत्त्याचे साहेबलोक तिथे पाणलाव्यांच्या शिकारीला जात. साठच्या दशकात हुगळीचा गाळ आणून ती जमीन भरली आणि वर वसाहत उभी राहिली. इथून दीड-दोनशे किलोमीटरवर झारग्राम, मेदिनीपूरच्या जंगलमहालात मात्र उन्हाळ्यात सामूहिक शिकारीचा सण अजून होतो. एप्रिल २०१८ मध्ये लालगढच्या जंगलात अशाच दिवसांत एक पट्टेदार वाघ मारला गेला, आणि त्यानंतर कलकत्ता उच्च न्यायालयाने हे प्रकार थांबवण्याचे कडक आदेश दिले. आता सणाच्या दिवसांत स्टेशनांवर आणि जंगलाच्या वाटांवर वनखाते आणि पोलीस लोकांना समजावून परत पाठवतात.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही. आपल्याकडच्या फासेपारध्यांचे पोट लावा-तितरांवर चालत होते. वन्यजीव कायद्याने तो धंदा गुन्हा ठरला आणि त्यांच्या हाती दुसरे फारसे काही दिले गेले नाही. त्यांचा प्रश्न भुकेचा आहे, आणि तो निराळा. फ्लॅटमध्ये राहणारा, आठवड्याला दोनदा चिकन आणणारा माणूस जेव्हा 'खाण्यापुरतं' म्हणतो तेव्हा त्याने हा शब्द उसना घेतलेला असतो.

मग जगात लोक एअर रायफलने ससे मारून खातात ते खोटे का? खोटे नाही. इंग्लंडमध्ये रानससा शेतीला उपद्रव मानतात. जमीनमालकाची परवानगी असली की प्रौढ माणूस तो एअर रायफलने मारू शकतो. तिथे परवान्याशिवाय चालणाऱ्या एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सव्वासोळा ज्यूलच्या आसपास. स्कॉटलंडमध्ये तर २०१६ च्या अखेरीपासून अशा रायफलीलाही प्रमाणपत्र लागते. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांनी हा फरक लक्षात ठेवावा.

लक्षात आले का? त्यांची मर्यादा आपल्यापेक्षा कमी आहे, तरी त्यांचे काम होते. याचा अर्थ प्रश्न ताकदीचा नाहीच, नेमाचा आहे. छर्रा तीस मीटर जाईपर्यंत साधारण पाव जोर गमावून बसतो. सशाला जागच्या जागी, वेदना न होता मारायचे तर छर्रा डोक्यातच लागावा लागतो, आणि ती जागा रुपयाच्या नाण्याएवढी. तिथले जाणते शिकारी आधी कागदावर पाहतात, की ज्या अंतरावरून पाचच्या पाच छर्रे नाण्याएवढ्या वर्तुळात बसतात तेच आपले अंतर. काहींचे ते पस्तीस मीटर असते, काहींचे पंधरा. त्यापलीकडे ते चाप ओढत नाहीत. नाण्याबाहेर लागलेला छर्रा ससा पोटात घेऊन झुडपात शिरतो आणि दोन दिवसांनी मरतो. तो ताटातही येत नाही. आपल्याकडे हौसेने घेतलेली स्वस्त रायफल आणि सरावाशिवायचा हात यांचा हिशेब बहुधा इथेच येऊन थांबतो.

रानपाखराच्या चवीचेच म्हणाल तर कोलकात्याच्या बाजारात पाळीव जपानी लावा मिळतो. बंगालीत त्याला 'कोयेल' म्हणतात. माझ्या घरी पुण्याहून आलेल्या पाहुणीने 'कोयेल खाल का' ऐकून हात जोडले होते. तिला गाणारी कोकिळा वाटली.

तर रायफल घ्यायची ती नेमबाजीसाठी, आणि मग निवड करणे सोपे होते. नवशिक्याला स्प्रिंगची, नळी मोडून ताणायची रायफल पुरते. पंप नको, सिलिंडर नको, बिघडण्यासारखे फार नाही. पण ती नाजूक हाताने धरावी लागते. चाप ओढल्यावर आतला दट्ट्या पुढे धावतो, तेव्हा रायफल आधी मागे आणि मग पुढे अशी दोनदा हलते. घट्ट आवळून धरली तर नेम हमखास बिघडतो. तिच्यावर साधी दुर्बीण बसवली तर या दुहेरी धक्क्याने ती खिळखिळी होते. दुकानात 'एअर रायफलसाठीची' असे सांगून मागा.

दुसरी जात पीसीपी, म्हणजे आधी हवा भरून ठेवायची. धक्का जवळजवळ नसतो, नेम सुरेख लागतो. पण साधारण २०० बारच्या दाबाने हवा भरावी लागते. हातपंपाने भरताना चाळिशीपुढच्या माणसाचा व्यायाम होतो. दहा मीटरच्या स्पर्धेत हीच जात चालते, आणि तिचा जोर किती असतो माहीत आहे? साडेसात ज्यूलच्या आसपास. तेवढ्याच जोरावर अभिनव बिंद्राने २००८ चे सुवर्ण आणले आणि आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला. त्या लक्ष्याच्या मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. ज्याला 'जोर किती' हा प्रश्न सतावतो त्याने हा ठिपका दहा मीटरवरून एकदा पाहावा.

विकत घेण्याआधी क्लबात जा. कोलकात्यात उत्तर आणि दक्षिण कलकत्ता रायफल क्लब आहेत. लंडन ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला जयदीप कर्मकार इथलाच, त्याची अकादमी न्यू टाउनमध्ये आहे. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, कोल्हापूर इथे शिकण्याची सोय चांगली आहे. तिथली रायफल महिनाभर वापरा, मग दस्ता तुमच्या खांद्याला किती लांब हवा ते कळेल. दुकानात पक्के बिल घ्या, मुखऊर्जा लिहिलेला कारखान्याचा कागद घ्या, आणि दोन्ही रायफलीबरोबर ठेवा. प्रवासात रायफल रिकामी, म्यानात आणि बंद.

बंगालच्या दमट हवेत नळीला गंज लवकर धरतो. बाहेरून तेलाचा हलका हात फिरवा, पण स्प्रिंगच्या रायफलीत दाबाच्या नळकांड्यात तेलाचा थेंबही टाकू नका. दाबाने ते पेट घेते, आवाज फटाक्यासारखा होतो, छर्रा मर्यादेबाहेर वेगाने सुटतो आणि आतले वायसर जळते. काही दीडशहाणे हे मुद्दाम करतात. पीसीपीत हवा भरताना पंपाचा पाणी शोषणारा भाग वेळेवर बदला, नाहीतर बाष्प आत जाऊन बसते.

आणि छर्रे शिशाचे असतात. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचा नाही. मुलांना छर्रे ओठांत धरू देऊ नका. ही सवय फार पटकन लागते. छर्र्यांचा डबा स्वयंपाकघरात ठेवायचा नाही, फडताळात रायफलीपासून वेगळा, कुलपात.