स्पर्शाची वीज होत नाही

त्वचेवर दाब पडला की त्या दाबाचीच वीज होते आणि तारेतून प्रवाह जावा तशी ती चेतातंतूतून मेंदूकडे धावते, हा समज शालेय टिपणांपासून आरोग्यविषयक व्याख्यानांपर्यंत इतक्या ठामपणे सांगितला जातो की, त्यातील दोन्ही विधाने चुकीची असूनही त्यांबद्दल कोणाला शंका येत नाही.

पहिले विधान गॅस लायटरला लागू पडते. त्यात खटक्यामागची छोटी हातोडी दाबविद्युत पदार्थाच्या तुकड्यावर आदळते आणि त्या आघाताच्याच ऊर्जेतून ठिणगी उडते. संवेदी चेतापेशीत मात्र स्पर्श होण्याच्या कितीतरी आधीपासून विद्युत्‌दाब तयार असतो. तिच्या पटलातील पंप एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या खर्चाने दर फेरीला तीन सोडियम आयन बाहेर टाकून दोन पोटॅशियम आयन आत घेतो, आणि अशा रीतीने निर्माण झालेल्या विषमतेमुळे, तसेच पोटॅशियम सतत बाहेर झिरपत राहिल्यामुळे, पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. बोटाचा दाब या साठ्यात काहीही भर घालत नाही. तो केवळ आयनांच्या मार्गिका उघडतो.

या मार्गिका कोणत्या, हे २०१० साली स्पष्ट झाले. आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत दाबाला प्रतिसाद देणाऱ्या उंदराच्या पेशींमधील संशयित जनुके एकेक करून निष्प्रभ करण्यात आली, तेव्हा बहात्तराव्या जनुकापाशी प्रतिसाद थांबला. ते पिएझो-१ होते, आणि त्याच्याशी साधर्म्य असलेले पिएझो-२ हे स्पर्श जाणणाऱ्या चेतापेशींत सापडले. या जनुकांवरून बनणाऱ्या मार्गिका-प्रथिनाची तीन वक्र पाती पटलाला वाटीसारखा खळगा पाडतात. पटल ताणले गेले की तो सपाट होऊ लागतो, मधले छिद्र उघडते आणि धन आयन आत शिरतात. त्यामुळे होणाऱ्या लहानशा विभवबदलाला ग्राहीविभव म्हणतात व तो पुरेसा मोठा असेल तरच क्रियाविभव, म्हणजे तंतूभर पसरणारा पूर्ण स्पंद, सुरू होतो. हे सारे उंदरांपुरतेच असेल, अशी शंका घेणाऱ्यांनी २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल पाहावा: पिएझो-२ निकामी असलेल्या दोन रुग्णांना कंपन जाणवत नव्हते आणि डोळे बांधल्यावर आपल्या अवयवांची स्थिती सांगता येत नव्हती, परंतु तापमान ओळखता येत होते.

तारेचे रूपकही टिकत नाही. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या चेतातंतूत मोजलेला वेग सेकंदाला तीसएक मीटर, म्हणजे धावत्या एक्सप्रेस गाडीइतकाच भरला, कारण स्पंद तंतूतून नुसता वाहत नाही, तर टप्प्याटप्प्यावर नव्याने उभा राहतो, आणि प्रत्येक टप्प्यावर आयनांना पटल ओलांडण्यास वेळ लागतो.

जोराच्या स्पर्शाने स्पंद मोठा होतो, असेही म्हटले जाते. एड्रियन आणि झोटरमन यांनी १९२६ साली बेडकाच्या स्नायूला वजने टांगून दाखवले की वजनासोबत स्पंदांची वारंवारता वाढते, त्यांचा आकार नव्हे. वेदना म्हणजे अतिरेकी स्पर्श, हेही खरे नाही, कारण तिचे तंतू बहुतांशी वेगळे व संथ असतात. त्वचा सर्वत्र सारखीच संवेदनशील असते असे मानणाऱ्याने कंपासची दोन टोके वापरून पाहावीत: बोटाच्या अग्रावर ती दोन-तीन मिलिमीटर अंतरावरही वेगळी कळतात, पाठीवर मात्र त्यासाठी काही सेंटिमीटर लागतात.