ओसाड जमीन आणि वस्तीची राखण

गुन्हा घडला की लोक गुन्हेगाराची जात, गाव, धंदा विचारतात. ज्या जागी तो घडला तिची चौकशी सहसा कोणी करीत नाही. कामगारवस्तीत हयात घालविलेल्या आम्हांला मात्र जागेची साक्षही मोलाची वाटते.

मुंबईचे गिरणगावच घ्या. परळ-लालबागच्या गिरण्या पाळ्यांनी चालत, तेव्हा तिथला रस्ता रात्रीही पुरता निजत नसे. पाळी सुटलेली माणसे, खानावळी, चहाची दुकाने, चाळीच्या गॅलरीत पथारी टाकलेले लोक! दारू, मटका, मारामाऱ्या तेव्हाही होत्या, हे आम्ही नाकारीत नाही. पण परका माणूस गल्लीत शिरला की दहा डोळे त्याच्यावर लागत. अमेरिकेत जेन जेकब्स या विदुषीने १९६१ साली ग्रंथ लिहून हेच सांगितले : रस्त्याची पहिली राखण पोलीस नव्हे, तिथे राबता असलेली माणसेच करतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. तरुणांच्या हातचे काम गेले, आणि भिंतीआडची जमीन ओस पडली. १९९१ च्या नियमावलीने त्या जमिनीचे तीन वाटे ठरविले : मोकळी मैदाने, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मैदाने व घरे यांचा वाटा आक्रसला.

ओस जागेची किंमत कोण देतो? ऑगस्ट २०१३ मध्ये महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलच्या आवारात कामासाठी गेलेल्या एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. जुलैत तिथेच आणखी एका तरुणीवर तोच प्रसंग गुदरला होता. दोष नराधमांचाच, यात शंका नाही. पण भर शहरात हाक कोणाला ऐकू जाऊ नये अशी जागा वर्षानुवर्षे कोणी राहू दिली?

यावर उंच भिंती आणि पहारेकरी हा उपाय नव्हे. भिंतीआडचा मनोरा स्वतःपुरता सुरक्षित होतो. बाहेरचा रस्ता तसाच सुना राहतो. बंद जमिनीवर घरे, कारखाने, बाजार, मुलांची मैदाने शेजारी-शेजारी आणा. माणसांचा राबता आला की राखण आपोआप येते. म्हणून जमिनीचा प्रश्न हा केवळ भाडेकरू-मालकांचा नाही. रात्री घरी परतणाऱ्या प्रत्येक लेकीबाळीचा आहे.