सूक्ष्म रक्ताभिसरणाचे मापन

सूक्ष्म रक्ताभिसरणाचे मापन म्हणजे शरीरातील सर्वांत लहान रक्तवाहिन्यांमधून, म्हणजेच सूक्ष्म धमन्या, केशवाहिन्या व सूक्ष्म शिरा यांमधून, वाहणाऱ्या रक्ताचा प्रवाह जाणून घेण्याच्या विविध पद्धती होत. या वाहिन्यांचा व्यास साधारणपणे १०० मायक्रोमीटरपेक्षा कमी असतो आणि केशवाहिन्यांचा तर केवळ ५ ते १० मायक्रोमीटर. ऑक्सिजन व पोषकद्रव्ये पेशींना मिळतात ती याच वाहिन्यांच्या भिंतींतून. दंडाला पट्टा गुंडाळून मोजलेला रक्तदाब मोठ्या धमन्यांची स्थिती दाखवतो. तेथून पुढे रक्त पेशींपर्यंत पोहोचले की नाही, हे त्यावरून कळत नाही. जंतुसंसर्गामुळे आलेला शॉक, भाजण्याच्या जखमा, मधुमेही रुग्णाच्या पायाचे व्रण किंवा मोठ्या धमन्यांत अडथळा नसतानाही होणारी हृदयवेदना अशा स्थितींत उपचाराचा निर्णय नेमका या प्रश्नावर येऊन ठेपतो.

मापनातील मूळ अडचण

नदीचा प्रवाह मोजताना पात्राचा छेद आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार केला जातो. केशवाहिनीच्या बाबतीत हे गणित कागदावर सोपे, परंतु व्यवहारात कठीण आहे. ६ मायक्रोमीटर व्यासाच्या केशवाहिनीतून रक्त सेकंदाला अर्धा मिलिमीटर या वेगाने जात असेल, तर दर सेकंदाला सुमारे १४ पिकोलिटर रक्त तिच्यातून पुढे सरकते. या गतीने एका केशवाहिनीतून १ मिलिलिटर रक्त जाण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. शरीराची गरज भागते ती अशा अब्जावधी वाहिन्या एकाच वेळी काम करतात म्हणून. त्यामुळे एका वाहिनीतील वेगापेक्षा किती वाहिन्यांत प्रवाह चालू आहे आणि तो किती समप्रमाणात वाटला गेला आहे, हे पुष्कळदा अधिक महत्त्वाचे ठरते.

तांबड्या रक्तपेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर असल्याने अरुंद केशवाहिनीतून जाताना तिला दुमडावे लागते आणि पेशी एकामागून एक अशा रांगेने सरकतात. केशवाहिन्यांतील रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण मोठ्या वाहिन्यांतील रक्तापेक्षा कमी असते, शिवाय ते शेजारशेजारच्या दोन वाहिन्यांतही सारखे नसते. एखाद्या वाहिनीतून निव्वळ रक्तद्रव वाहत असेल, तर प्रवाह आहे पण ऑक्सिजनचा पुरवठा जवळजवळ नाही, असे घडते. म्हणून ‘सूक्ष्म रक्तप्रवाह’ या एकाच नावाखाली वेग, पेशींची संख्या, चालू वाहिन्यांची घनता आणि ऊतींतील ऑक्सिजन अशा चार वेगवेगळ्या राशी मोजल्या जातात. त्यांची आपसांत सरळ तुलना करता येत नाही. या विषयावरील लेखनात बराच गोंधळ होतो तो येथेच.

पूर्वपीठिका

विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा धमन्यांतील रक्त शिरांत कसे जाते हे त्यांना दाखवता आले नव्हते. मार्चेल्लो माल्पिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या आणि ही उणीव भरून निघाली. डेन्मार्कचे आउगुस्ट क्रोग यांना केशवाहिन्यांच्या नियमनावरील कार्यासाठी १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. विश्रांत स्नायूतील बऱ्याच केशवाहिन्या बंद असतात व व्यायामात त्या उघडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील संशोधनाने या चित्रात बदल केला असला, तरी केशवाहिन्या मोजल्याखेरीज ऊतींचा पुरवठा समजणार नाही, ही दृष्टी त्यांच्यापासून रुजली.

स्वतःच्या डोळ्यातील सूक्ष्म रक्ताभिसरण कोणालाही उपकरणाशिवाय पाहता येते. निरभ्र निळ्या आकाशाकडे काही क्षण टक लावून पाहिल्यास लहान चमकदार ठिपके वळणावळणाने झपकन जाताना दिसतात. तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषून घेतात, पांढऱ्या पेशी तो आरपार जाऊ देतात. दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी अशा रीतीने ठिपक्यांच्या रूपात दिसतात. या आविष्काराचा उपयोग करून दृष्टिपटलातील प्रवाहाचा वेग ठरवण्याची पद्धतही १९८० च्या सुमारास विकसित करण्यात आली.

केशिका पुनर्भरण काल

सर्वांत साधी चाचणी म्हणजे बोटाचे टोक किंवा नख दाबून ते पांढरे करणे आणि दाब काढल्यावर मूळ रंग परत येण्यास लागणारा वेळ मोजणे. या वेळेला केशिका पुनर्भरण काल म्हणतात. तिला उपकरण लागत नाही, त्यामुळे अपघातस्थळी, आरोग्य केंद्रात आणि बालरोग विभागात ती सर्रास केली जाते. दोन सेकंदांची मर्यादा बराच काळ सर्वांना लागू मानली गेली. परंतु १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रायगर व बॅरॅफ यांच्या अभ्यासात निरोगी व्यक्तींतही ती वय, लिंग व तापमान यांनुसार बदलते असे आढळले. वृद्धांमध्ये वरची मर्यादा ४.५ सेकंदांपर्यंत जात होती. थंड खोलीत निरोगी माणसाचा कालही लांबतो. कोणत्या बोटावर, किती जोराने आणि किती वेळ दाबले हे ठरलेले नसेल, तर दोन तपासनीसांचे आकडे जुळत नाहीत.

ही चाचणी जुनाट समजून बाजूला पडत चालली होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अँड्रोमेडा-शॉक’ या चाचणीने तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. दक्षिण अमेरिकेतील पाच देशांतल्या २८ रुग्णालयांत सेप्टिक शॉकच्या ४२४ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटात रक्तातील लॅक्टेटच्या पातळीनुसार, तर दुसऱ्यात केशिका पुनर्भरण कालानुसार उपचार ठरवले गेले. तपासणीची रीत काटेकोर होती: उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकावर काचपट्टी दाबून त्वचा पांढरी करायची, दाब १० सेकंद ठेवायचा आणि ३ सेकंदांपेक्षा अधिक काळ असामान्य मानायचा. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण पुनर्भरण कालाच्या गटात ३४.९ टक्के, तर लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के होते. हा फरक सांख्यिकीय सार्थतेच्या रूढ मर्यादेच्या किंचित बाहेर राहिला, त्यामुळे त्यावरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही. मात्र काचपट्टी व घड्याळ एवढ्याच साधनांची ही चाचणी प्रयोगशाळेतील तपासणीपेक्षा कमी पडली नाही, एवढे दिसले.

प्रत्यक्ष दर्शनाच्या पद्धती

नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेच्या घडीत केशवाहिन्या पृष्ठभागाला समांतर असतात. तेलाचा थेंब लावून सूक्ष्मदर्शकाने पाहिल्यास त्यांची केसपिनेसारखी वळणे स्पष्ट दिसतात. निरोगी प्रौढात दर मिलिमीटरला सात किंवा अधिक वळणे आढळतात. सिस्टेमिक स्क्लेरोसिस या विकारात ती विरळ होतात, काही ५० मायक्रोमीटरपेक्षा जास्त फुगतात आणि त्यांतून रक्तस्राव झाल्याच्या खुणा दिसतात. थंडीत बोटे पांढरी-निळी पडण्याची तक्रार, म्हणजे रेनो आविष्कार, पुष्कळ निरोगी लोकांतही असते. त्यांपैकी कोणाला पुढे गंभीर विकार होण्याची शक्यता आहे, हे ओळखण्यास ही तपासणी मदत करते. या विकाराच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण निकषांत तिचा समावेश आहे.

अवयवांच्या पृष्ठभागावरील प्रवाह पाहताना परावर्तित प्रकाशाची चकाकी हा मोठा अडथळा असतो. १९९९ मध्ये ग्रोनर व सहकाऱ्यांनी त्यावर ध्रुवित प्रकाशाचा तोडगा मांडला. पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण टिकून राहते, म्हणून काटकोनात ठेवलेला दुसरा ध्रुवक तो अडवतो. ऊतींत खोल जाऊन वारंवार विकिरण झालेल्या प्रकाशाचे ध्रुवण नाहीसे होते आणि तो दुसऱ्या ध्रुवकातून पार होतो. जणू ऊतींच्या मागे दिवा लावावा तसा हा प्रकाश काम करतो. वापरलेला हिरवा प्रकाश हिमोग्लोबिन शोषून घेते, त्यामुळे उजळ पार्श्वभूमीवर तांबड्या पेशी काळ्या दिसतात. पुढे याच तत्त्वाची वेगळी मांडणी करून, टोकाभोवती हिरव्या दिव्यांचे कडे बसवलेली हातात धरण्याजोगी उपकरणे तयार झाली. ती जिभेखाली टेकवून चलचित्र घेतले जाते व २० मायक्रोमीटरपेक्षा लहान वाहिन्यांपैकी किती वाहत्या आहेत हे मोजले जाते.

२००२ मध्ये डी बाकर व सहकाऱ्यांनी या साधनाने सेप्सिसच्या रुग्णांची तपासणी केली. वाहत्या लहान वाहिन्यांचे प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा त्यांच्यात कमी होते आणि दगावलेल्या रुग्णांत ते अधिकच घटलेले होते. जिभेखाली अॅसिटिलकोलीन लावताच थांबलेला प्रवाह पूर्ववत झाला, म्हणजे वाहिन्या कायमच्या निकामी झालेल्या नव्हत्या. सेप्सिसमध्ये रक्तदाब औषधांनी सावरल्यावरही सूक्ष्म प्रवाह बिघडलेला राहू शकतो, हे यानंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. तथापि बिघाड दिसणे आणि तो दुरुस्त करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नायट्रोग्लिसरीनने वाहिन्या उघडतील या अपेक्षेने केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत प्लासिबोच्या तुलनेत सूक्ष्म प्रवाहात सुधारणा आढळली नाही.

लेझरवर आधारित पद्धती

हलणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या तरंगाची वारंवारता बदलते, या १८४२ मधील डॉप्लर यांच्या तत्त्वाचा उपयोग १९७२ मध्ये रिव्हा, रॉस व बेनेडेक यांनी दृष्टिपटलातील रक्तप्रवाहासाठी केला. १९७५ मध्ये स्टर्न यांनी तो त्वचेसाठी वापरला. केशवाहिनीतील मंद गतीमुळे होणारा बदल फार तर काही हजार हर्ट्झ असतो, तर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची वारंवारता सुमारे ३८० लाख कोटी हर्ट्झ. एवढा सूक्ष्म फरक थेट मोजता येत नाही. परंतु स्थिर ऊतींवरून आलेला व हलत्या पेशींवरून आलेला प्रकाश एकत्र येताच त्यांच्या व्यतिकरणातून मंद चढउतार निर्माण होतात, आणि ते साध्या प्रकाशसंवेदकाला टिपता येतात. जवळजवळ सारख्या सुरांत लावलेल्या दोन तारा एकदम छेडल्यावर ऐकू येणाऱ्या हेलकाव्यांसारखाच हा प्रकार आहे.

यातून मिळणारी संख्या हलत्या पेशींची संहती व त्यांचा सरासरी वेग यांच्या गुणाकाराशी प्रमाणबद्ध असते. ती मिलिलिटरमध्ये नसून यादृच्छिक एककांत असते. धमनी पूर्ण दाबून प्रवाह थांबवला, तरी उपकरण शून्य दाखवत नाही. उरलेल्या संकेताला जैविक शून्य म्हणतात. त्वचेच्या जेमतेम एक मिलिमीटर खोलीपर्यंतचीच माहिती मिळते आणि संवेदक काही मिलिमीटर सरकला तरी आकडा बदलतो. यासाठी एकाच जागी उत्तेजना देऊन होणारा बदल पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. दंडाचा पट्टा काही मिनिटे आवळून सोडल्यावर येणारी रक्ताची लाट, किंवा त्वचा ४२ ते ४४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर वाढणारा प्रवाह यांवरून रक्तवाहिनीच्या अंतःस्तराचे कार्य तपासले जाते.

या पद्धतीचा ठोस उपयोग भाजलेल्या रुग्णांत झाला. मध्यम खोलीची जखम आपोआप भरेल की त्वचारोपण करावे लागेल, हे अनुभवी शल्यचिकित्सकालाही नुसत्या पाहण्यावरून नेहमी सांगता येत नाही. भाजल्यानंतर साधारण दोन ते पाच दिवसांच्या दरम्यान घेतलेल्या लेझर डॉप्लर प्रतिमेत प्रवाह चांगला असेल, तर जखम भरण्याची शक्यता अधिक असते व अनावश्यक शस्त्रक्रिया टळते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०११ मध्ये अशा एका उपकरणाच्या वापराची शिफारस केली.

लेझर स्पेकल पद्धत १९८१ मध्ये फर्शर व ब्रायर्स यांनी सुचवली. लेझरने उजळलेल्या पृष्ठभागावर ठिपक्यांची दाणेदार नक्षी दिसते. पेशी हलत असल्यास छायाचित्रात ही नक्षी पुसट होते. पुसटपणावरून मोठ्या क्षेत्राच्या प्रवाहाचा नकाशा क्षणार्धात मिळतो. मेंदूच्या शस्त्रक्रियांत व प्राण्यांवरील प्रयोगांत ती लोकप्रिय आहे. खोलीच्या बाबतीत मात्र ती लेझर डॉप्लरपेक्षाही उथळ आहे.

खोलवरचे अवयव

प्रकाश जेथे पोहोचत नाही तेथे अन्य मार्ग वापरावे लागतात. प्राण्यांवरील प्रयोगांत १५ मायक्रोमीटर व्यासाचे खुणायुक्त गोळे रक्तात सोडले जातात. ते सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात आणि अवयवातील त्यांच्या संख्येवरून दर ग्रॅम ऊतीमागे दर मिनिटाचा खरा प्रवाह मिळतो. इतर पद्धती पडताळण्याचा हा आधार आहे, परंतु त्यासाठी अवयव काढून घ्यावा लागत असल्याने मानवात तो शक्य नाही. मानवी स्नायूंसाठी लासेन यांनी १९६४ मध्ये किरणोत्सारी झेनॉन-१३३ टोचून तो किती वेगाने धुऊन जातो हे मोजले. १९९८ पासून स्वनातीत तरंगांनी सूक्ष्म बुडबुडे फोडून, ते पुन्हा भरून येण्याच्या वेगावरून हृदयस्नायूतील प्रवाह काढण्याची पद्धत रूढ होत गेली.

छातीत दुखणाऱ्या काही रुग्णांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, अँजिओग्राफीत कोणताही मोठा अडथळा सापडत नाही आणि त्यांना हृदयविकार नसल्याचे सांगितले जाते. अशा वेळी दाब व तापमान मोजणारी तार हृदयधमनीत नेऊन खोलीच्या तापमानाचे सलाइन सोडले जाते. ते वाहून जाण्यास लागणारा वेळ आणि धमनीतील दाब यांच्या गुणाकारातून सूक्ष्म वाहिन्यांच्या रोधाचा निर्देशांक मिळतो. तो २५ किंवा अधिक आल्यास दोष मोठ्या धमन्यांच्या पलीकडे, सूक्ष्म वाहिन्यांत असल्याचे मानले जाते.

मधुमेही पायाच्या बाबतीत प्रवाहाऐवजी त्याचा परिणाम मोजणे उपयोगी पडते. सुमारे ४४ अंशांपर्यंत तापवलेला विद्युदग्र त्वचेवर बसवून तेथील ऑक्सिजनचा दाब पाहतात. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास व्रण भरण्याची शक्यता घटते, आणि पायाचा किती भाग वाचवता येईल याचा विचार करताना हा आकडा लक्षात घेतला जातो. पायाला सूज असल्यास मात्र तो फसवा असू शकतो.

वाचनातील दोष

जिभेखाली उपकरण थोडे जोराने टेकवले, तर त्या दाबानेच वाहिन्या मिटतात आणि निरोगी व्यक्तीचे चित्र शॉकमधील रुग्णासारखे दिसते. म्हणून चित्रणात मोठ्या शिरांतील प्रवाह अबाधित आहे की नाही हे आधी तपासण्याची प्रथा आहे. प्रकाशावर चालणाऱ्या पद्धतींत त्वचेतील मेलॅनिन प्रकाशाचा काही भाग शोषून घेते. गडद वर्णाच्या व्यक्तीत संकेत क्षीण होतो आणि पुनर्भरण काल डोळ्यांनी वाचणेही कठीण जाते. गोऱ्या वर्णाच्या व्यक्तींवर ठरवलेल्या मर्यादा भारतासारख्या देशात जशाच्या तशा लावणे त्यामुळे योग्य नाही. जिभेखालच्या श्लेष्मल त्वचेची व तळव्यांची निवड अनेकदा केली जाते, त्यामागे तेथे मेलॅनिन कमी असते हेही एक कारण आहे.