नव्या शहराच्या आराखड्यात भूमिहीन कुठे?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने १९४६ साली नवनगर कायदा केला आणि लंडनची गर्दी कमी करण्यासाठी स्टीव्हनेजसारखी शहरे वसवली. आपल्याकडचे मोठे उदाहरण म्हणजे नवी मुंबई. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली.

आराखडा साधा होता. एकच मध्यवर्ती बाजारपेठ नको. वाशी, नेरूळ, बेलापूर अशी उपनगरे, प्रत्येकात घरे, शाळा, बाजार. जमीन शासनाने घ्यायची आणि महाग भूखंड विकून गरिबांच्या घरांना हातभार लावायचा.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत गावगाड्यावर कठोर टीका केली होती. सेक्टरच्या नकाशात गावकूस नसते, म्हणून असे शहर आपल्याला जवळचे वाटते. पण ही जमीन ९५ गावांची होती. १९८४ च्या जासई आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले, तेही मुख्यतः सातबारा पाहून. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याने काय दाखवायचे?

हा प्रश्न सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीसारख्या गावांचाही आहे. उद्या इथे विकास आराखडा आला, तर प्रारूप जाहीर होताच ते वाचा. मजुरांची घरे कुठे, वस्तीचा रस्ता कुठे, स्मशानभूमी कुठे, हे तपासा. मुदतीच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नकाशा मंजूर झाल्यावर मोर्चा काढून फार थोडे बदलते.