गुणपत्रिकेपलीकडे : विद्यार्थ्याची ई-संचिका

सहामाही परीक्षेचा निकाल हाती आला की आपल्या बहुतेक घरांत पहिला प्रश्न एकच असतो : किती गुण मिळाले? शंभरपैकी बासष्ट गुण मिळविणाऱ्या मुलाला नेमके काय उमगले, कोठे अडले आणि पुढे कोणता प्रयत्न करावा, हे मात्र त्या आकड्यावरून पालकांना कळत नाही आणि मुलालाही कळत नाही. ही उणीव भरून काढणारे एक साधन म्हणजे ई-संचिका. आपल्या धर्मग्रामांतील पालकांना तिची ओळख व्हावी, या हेतूने आम्ही हे लिहीत आहोत.

यामागील विचार आपल्या शाळांना अपरिचित नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातील आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, प्रकल्प व स्वाध्याय यांच्या जोडीला स्वयंमूल्यमापनालाही स्थान मिळाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या मताबरोबर विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि सहाध्यायांचे मूल्यमापन असावे, असे सुचविले आहे.

ई-संचिका म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या कामाचा संगणकावर वा मोबाईलवर जपलेला संग्रह. निबंधाचा कच्चा व सुधारलेला मसुदा, प्रयोगाची छायाचित्रे, वाचनाचे ध्वनिमुद्रण असे काहीही त्यात ठेवता येते. मात्र नुसता साठा म्हणजे संचिका नव्हे. प्रत्येक कामासोबत विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली टीप हवी. न्यूझीलंडमध्ये २००६ साली सुरू झालेल्या अशा एका संगणकप्रणालीचे नाव 'माहारा' आहे. माओरी भाषेत त्याचा अर्थ 'विचार करणे' असा होतो.

समजा, रत्नागिरीतील सातवीच्या एका विद्यार्थिनीने मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या मासळीवर प्रकल्प केला. पहिल्या मसुद्यात केवळ माशांची नावे आहेत. टिपेत ती लिहिते : 'कोणती मासळी कोणत्या महिन्यात अधिक मिळते, हे विचारायचे राहिले.' पुढील मसुद्यात ती महिनावार तक्ता जोडते. दोन्ही मसुदे शेजारी ठेवले की आपण कोठून कोठवर आलो, हे तिचे तिलाच दिसते.

अशा शब्दांतील अभिप्रायाचे मोल संशोधनानेही दाखविले आहे. रूथ बटलर यांनी इस्राएलमधील शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ लेखी अभिप्राय मिळाला, त्यांचे काम सुधारले. ज्यांना अभिप्रायासोबत गुणही मिळाले, त्यांना तो लाभ झाला नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. टीप शिक्षकांनी वा पालकांनी लिहून दिली, तर सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. सर्व काही साठवू नये; महिन्यास दोन कामे पुरेत. मुलांची छायाचित्रे सर्वांना दिसतील अशी ठेवू नयेत. घरात एकच मोबाईल असेल, तर वहीत लिहून तिचे छायाचित्र काढून ठेवता येते.

पालकहो, पुढील निकालाच्या दिवशी गुणांविषयी विचारण्यापूर्वी आपल्या पाल्याजवळ बसा. यंदाचे कोणते काम त्याला आवडले आणि ते पुन्हा करायचे झाल्यास तो काय बदलेल, एवढे विचारा आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायला सांगा. संचिकेची ती पहिली टीप होईल.