अर्जावरून अर्जदाराची पारख

घरातील वायफायला नवा मोबाइल जोडावा, राउटरने त्यास १९२.१६८.१.२३ यासारखा एखादा पत्ता ठरावीक मुदतीसाठी बहाल करावा, आणि आपण कोणासही काही कळविले नसताना राउटरच्या यादीत त्या पत्त्यापुढे ‘अँड्रॉइड फोन’ अशी नोंद उमटावी, हा अनुभव पुष्कळांस येतो; परंतु ही ओळख पटविली कोणी, याची चौकशी क्वचितच कोणी करतो.

पत्तेवाटपाच्या या कारभाराचा जाबता म्हणजे १९९३ साली प्रथम लेखनिविष्ट झालेली व १९९७ साली सुधारून घेतलेली डीएचसीपी ही पद्धती. तीनुसार नवागत यंत्र पुकारा करते, राउटर पत्ता देऊ करतो, यंत्र तो रीतसर मागते आणि मग मंजुरी मिळते. पूर्वी या अर्जदाराची जात त्याच्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्यावरून ताडीत, कारण त्यातील पहिले २४ बिट उत्पादकाचे असत. पण अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून फोन हा पत्ता यदृच्छया बनवू लागले, आणि तो पुरावा लंगडा पडला. नावाचाही भरवसा नाही, ते तर मालक हवे तसे बदलतो.

खरी मौज आहे ती अर्जातील ५५ क्रमांकाच्या रकान्यात. आपणास पत्त्याखेरीज आणखी कोणकोणती माहिती हवी, तिचे क्रमांक यंत्र येथे लिहिते: ३ म्हणजे बाहेरचा मार्ग, ६ म्हणजे नामसूचीचा सर्व्हर. विंडोज १० या यादीत जुन्या नेटबायोस व्यवस्थेचे ४४, ४६, ४७ आणि मायक्रोसॉफ्टचा खास २४९ मागते. १२१ हा क्रमांक अ‍ॅपलची यंत्रे १ च्या लगोलग लिहितात, विंडोज मात्र तो शेवटाकडे ढकलते. मागणी आणि तिचा क्रम प्रणाली रचणाऱ्यांनी एकदाच मुक्रर केलेला असल्यामुळे, वापरणाऱ्याच्या नकळत, तो हस्ताक्षरासारखा ओळखू येतो.

कचेरीतील प्रिंटर वेगळ्या जाळ्यात धाडावयास एवढी पारख पुरते. दरवाजाचे कुलूप म्हणून मात्र ती, माझ्या मते, कुचकामी, कारण अर्जात कोणीही काहीही लिहू शकतो. आणि २०१६ साली आरएफसी ७८४४ या दस्तऐवजाने तर, खासगीपणा जपू इच्छिणाऱ्या यंत्रांनी मागण्या कमीतकमी ठेवाव्यात व त्यांचा क्रम दर वेळी उलटसुलट करावा, अशी उघड शिफारसच करून ठेवली आहे.